दोन बोटं पांढर

बहरीनमध्ये पावसाळा नसतो. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत पावसाचे चार-सहा दिवस असतात, आणि ते कधी येतील हे सांगता येत नाही. त्यामुळे इथल्या घरांना पावसाची सवय नाही. गच्च्या सपाट, पाणी जायला वाट नाही, रस्त्यांना गटारं नाहीत. तासभर पाऊस झाला की झिंजमधल्या आमच्या गल्लीत घोट्याच्या वर पाणी चढतं आणि मोटारी डोहात बसलेल्या म्हशींसारख्या दिसू लागतात.

काल दुपारी तसाच पाऊस आला. माझी आठ वर्षांची मुलगी शाळेतून भिजून आली आणि खोलीत जाऊन आनंदानं ओरडली, "बाबा, द सीलिंग इज लीकिंग!" तिच्या आईनं थेंबाखाली पातेलं ठेवलं आणि मला म्हणाली, "वॉचमनला सांगा ना, वर डांबर ओतायला. दर वर्षीचं आहे हे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "डांबरानं काय होतंय? वर पांढर टाकायला पाहिजे."

"पांढर म्हणजे?" मुलीनं विचारलं.

"माती."

"मड? ऑन द रूफ? यक्!" ती हसत सुटली. तिची आईही हसली. मी मात्र खुर्चीत बसून राहिलो. पातेल्यात थेंब पडत होते. पंधरा वर्षं झाली, पण या बेटावर पाऊस पडला की मी अजून त्या हिवाळ्यात जाऊन पडतो.

*

आमच्याकडे, तेरणेच्या काठी, जमीन दोनच प्रकारची. काळी आणि पांढरी. काळीत पिकतं, पांढरीत माणसं राहतात. शेकडो वर्षं एका जागी माणसं राहिली, चुलींची राख पडत गेली, भिंती ढासळल्या, त्यांच्यावर नव्या उभ्या राहिल्या, हाडं, शेण, भुसा सगळं कुजून एकजीव झालं, की तिथली माती करडी पांढुरकी, पिठासारखी मऊ होते. ती पांढर. आमच्या गावाच्या कडेला तिची मोठी टेकाडं होती. खाली जुनं नगर आहे, असं शाळेत गुरुजी सांगायचे. दोन हजार वर्षांपूर्वी इथून गाड्या भरून कापड समुद्रावर जायचं, तिथून गलबतांनी थेट रोमच्या बाजारात. पावसानंतर त्या टेकाडांवर मणी सापडायचे, मातीच्या बाहुल्या, क्वचित एखादं परदेशी नाणं.

आणि ते नगर माझे वडील खणून विकायचे.

असं लिहिताना हात थबकतो, पण खरं तेच आहे. आमच्याकडची घरं धाब्याची. वर तुळया, त्यावर पाचट, त्यावर पांढर. पाणी अडवायला पांढरीसारखी माती नाही. दर उन्हाळ्यात धाब्यावर नवा थर घालावा लागतो. वडिलांकडे दोन गाढवं होती. चैत्र-वैशाखात पहाटेपासून ती पांढर वाहायची, आणि त्या वाहतुकीवर माझी वह्या-पुस्तकं, तालुक्याचं वसतिगृह, औरंगाबादचं इंजिनिअरिंग, सगळं झालं. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. आजही कुणी माझ्या शिक्षणाचं कौतुक केलं की मला आधी ती दोन गाढवं आठवतात.

गुरुजी मात्र वडिलांना टेकाडावर गाठून विनवायचे. "अरे, इतिहास आहे हा. किती खणशील?"

वडील फावडं टेकून उभे राहायचे. "गुरुजी, पडक्या गावामुळं चार घरं कोरडी ऱ्हात्यात. मेलेल्यांनी एवढं तर करावं." पण निघालेले मणी ते डब्यात जपून ठेवत आणि महिन्याकाठी गुरुजींच्या हाती देत.

*

त्या हिवाळ्यात हमद टाउन अजून नकाशावरच होतं. प्रत्यक्षात तिथे ओसाड माळ होता आणि माळावर टेकाडंच टेकाडं. भाकरीसाठी गोळे करून परातीत मांडून ठेवावेत तशी. प्रत्येक टेकाड म्हणजे एक थडगं, काही चार हजार वर्षांपूर्वीची. सगळं सपाट करून तिथे नवं शहर बसवायचं होतं, घरं, रस्ते, आणि दर चौकात एक राउंडअबाउट. मी एका कंत्राटदाराकडे सर्व्हेअर होतो. माझी खुंटी जिथे बसेल तिथून रस्ता जायचा.

बुलडोझर यायच्या आधी टेकाडं उघडून बघायला उत्खननवाल्यांच्या तुकड्या नेमल्या होत्या. त्यातल्या एका तुकडीचे प्रमुख सोवनी सर, पुण्याचे. येत्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. बहरीनच्या सौम्य थंडीतही गळ्यात मफलर, खिशात भाजके शेंगदाणे. मी मराठी आहे हे कळल्यावर ते दुपारच्या सुटीत माझ्या खुंट्यांच्या ढिगाशी येऊन बसू लागले.

एकदा त्यांनी कापसात गुंडाळलेली बोटभर बाटली दाखवली. हिरवट काच, उन्हात धरली की तिच्यावर मोरपिसाचे रंग फिरायचे.

"रोमची काच, दत्तात्रय. त्या काळातली थडगी आहेत इकडच्या बाजूला. कुणीतरी आपल्या माणसाच्या उशाशी अत्तर ठेवलंय."

"आणि सर, ही माणसं राहत कुठे होती?"

त्यांनी बाटली पुन्हा कापसात गुंडाळली. "हाच प्रश्न मी दोन हिवाळे स्वतःला विचारतोय. उत्तरेला किनाऱ्यावर एक जुनं नगर आहे, मान्य. पण एवढी माणसं इथे, आतल्या बाजूला आणून पुरायची, तर जवळ काहीतरी वस्ती हवी की नको? सगळ्यांना थडगी सापडतात. मलाही सापडली, पुष्कळ झाली. हे पहा, निवृत्त होण्याआधी मला एक चूल सापडली पाहिजे. एक. चूल असली म्हणजे घर होतं, आणि घर होतं म्हणजे गाव होतं."

ते हे हसत बोलले, पण शेंगदाणे धरलेली त्यांची मूठ घट्ट मिटली होती.

*

सोमवारी सकाळी मी ओळीच्या अगदी टोकाला खुंटी ठोकत होतो. तिथे एक बसकं टेकाड होतं, इतकं की कुणी त्याला क्रमांकही दिला नव्हता. बाकी टेकाडांवर खुंटी ठोकताना दगड लागायचा, हाताला झिणझिण्या यायच्या. इथे ती एका घावात गळ्यापर्यंत गेली. मी वाकून माती उचलली. करडी, मऊ, पिठासारखी. बोटांत चोळली तर कोळशाचे कण, माशाचं बारीक हाड. समुद्रापलीकडे, या वाळूच्या बेटावर, वडिलांच्या सदऱ्याला यायचा तोच वास.

मी धावत गेलो. "सर, ही पांढर आहे."

"काय म्हणालात?"

"पांढर, सर. थडगं नाही. इथं लोक राहिलेत."

सरांनी ती माती हातात घेतली, नाकाशी नेली आणि मफलर सोडून माझ्या हातात दिला. लगेच खणायला बसले.

त्या जागेवरून रस्ता जाणार होता. साइटवरचे सरकारी इंजिनिअर, आम्ही त्यांना अबू खलील म्हणायचो, मनानं वाईट नव्हते. त्यांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, आठ दिवस. गाव मिळालं तर मी स्वतः वर बोलेन, रस्ता वळवू, इंशाल्ला. नाही मिळालं तर खलास, यल्ला, बुलडोझर."

आठ दिवस. सरांची सगळी नोकरी त्या आठ दिवसांवर येऊन थांबली होती.

त्या संध्याकाळी मी सित्राच्या कॅम्पवर परतलो तो हवेत तरंगत. आमचा कॅम्प म्हणजे प्लायवूडच्या लांबट बराकी. छतावरचा डांबरी कागद उन्हाळ्यात सोलून निघालेला. खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसायची. निम्मे गडी माझ्याच भागातले, उमरग्याचे, औशाचे, नळदुर्गचे. त्यांचा म्होरक्या बाबू मिस्त्री. वयानं माझ्या वडिलांएवढा, पण मला 'सायब'च म्हणायचा. मी जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना सांगितलं. पांढर सापडली म्हणून, आपल्यासारखीच, जागा कुठली, टोकाचं टेकाड कसं ओळखायचं, सगळं. वडिलांच्या गाढवांची गोष्टही सांगितली. परक्या मुलखात माझ्या बापाची विद्या कामाला आली होती. मला ते कुणाला तरी सांगायचंच होतं.

"म्हंजी हितंबी आपलीच मानसं ऱ्हायली म्हना की," बाबू मिस्त्री म्हणाला आणि सगळे हसले.

*

मंगळवारी भिंतीचा पाया दिसला. बुधवारी गिलाव्याची जमीन. गुरुवारी उतरत्या उन्हात सरांच्या कुंचल्याखाली लाल भाजलेल्या मातीची एक कड उमटली. अर्धगोल. आत राख.

सर उकिडवे बसले होते.

"आज नको," अखेर ते म्हणाले. "उजेड गेलाय. आणि कॅमेऱ्यात रोल नाही. उद्या शुक्रवार, सुटी. मनामाला जाऊन नवा रोल आणू. शनिवारी सकाळच्या उन्हात हिला उघडू." 'हिला' म्हणताना त्यांचा आवाज घरातल्या माणसाविषयी बोलावा तसा झाला होता. आम्ही चुलीवर गोणपाटं अंथरली, कडेला दगड ठेवले.

बसमध्ये चढतोय तोच पाऊस सुरू झाला.

सित्राला पोचेपर्यंत बराकी गळू लागल्या होत्या. गाद्या, बॅगा, पत्र्याच्या पेट्या, कुणाकुणाच्या बायकांची पत्रं, सगळं भिजलं. गडी अंगावर प्लास्टिक घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात बसले. कॅम्प बॉसकडे गेलो तर तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू." मी माझी गादी गुंडाळून उभी केली आणि मनात गोणपाटाखालच्या चुलीचा विचार करत राहिलो. माझ्या बाजूला एक चाळिशीचा गडी थंडीनं कुडकुडत होता. मला दिसत होतं. पण माझं लक्ष नव्हतं.

शुक्रवारी मी आणि सर मनामात होतो. साचलेल्या पाण्यातून विजारी वर दुमडून चालत होतो. सरांनी एकाऐवजी दोन रोल घेतले. "एक नुसता चुलीसाठी." मग त्यांनी मला चहा पाजला आणि पुण्याला बायकोला लिहिलेलं पत्र माझ्यादेखत पेटीत टाकलं. त्यांना इतकं आनंदात मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

संध्याकाळी कॅम्पवर आलो. बाबू मिस्त्री दारातच उभा होता. पाठीमागे सगळे गडी, मातीनं माखलेले, एकमेकांना कोपरानं ढोसत.

"सायब, खोलीत जावा आन् वर बगा."

खोली कोरडी होती. माझी गादी पसरून ठेवलेली. छतातून काही टपकत नव्हतं.

"काय केलंत?"

"धाबं घातलं की! समद्या बराकींवर. दोन बोटं जाड." मिस्त्रीचा चेहरा फुलला होता. "सकाळीच टिपर काढला. तुमी सांगितलं त्ये टोकाचं टेकाड. मी चाखून बगितली, खारट हाय. धाब्याला अशीच लागती. वर गोणपाट व्हतं, त्येबी आनलं, खाली अंथरलं. आन् मधी लाल भाजकी माती घावली, ती लई घट्ट बसती बगा. ती कुटून तुमच्या खोलीवर घातली. चांगली माती सायबाला, म्हनलं."

मी शिडीवरून वर गेलो. उजेड अजून होता. चोपून चोपून गुळगुळीत केलेली माती. तिच्यात खापरं होती, हाडं होती, एका ठिकाणी हिरवट काचेचा चुरा चमकत होता. इतकं सुबक काम! असं धाबं मी माझ्या गावानंतर पहिल्यांदाच बघत होतो. मी तिथे बसलो. खालून मिस्त्री विचारत होता, "सायब, काय चुकलं का?"

काय सांगणार होतो? यांना काल रात्री भिजताना मी पाहिलं होतं. ही माती कशाची असते हे त्यांना ठाऊक होतं, माझ्या वडिलांना होतं तेवढंच. पडकं गाव म्हणजे धाब्याची माती. आमच्या मुलखात त्याला चोरी म्हणत नाहीत, शहाणपण म्हणतात. आणि जागा त्यांना मी दाखवली होती.

*

शनिवारी सर खड्ड्यात उभे होते. टेकाडाच्या जागी गुडघाभर खोल, ओबडधोबड खड्डा. कॅमेरा गळ्यात. मी त्यांना सांगितलं, माती सित्राला गेली म्हणून. कशी, ते सांगितलं. कुणाच्या सांगण्यावरून, तेवढं सांगितलं नाही.

"सर, आपण ती परत आणू. खरवडून आणू. मी आणतो, सर. सगळी आणतो."

"माती जागेवरून हलली की मुकी होते, दत्तात्रय," ते म्हणाले. "मग ती नुसती माती." तरी ते माझ्याबरोबर सित्राला आले. गड्यांना वाटलं, मोठा साहेब काम बघायला आलाय. कुणी चहा आणला, कुणी खुर्ची वर चढवली.

"लाल माती कुठे घातलीत?" सरांनी विचारलं.

मिस्त्रीनं माझ्या खोलीवरची जागा दाखवली. सर गुडघ्यांवर बसले, खिशातून छोटा चाकू काढला.

"सायब, उकरू नगा," मिस्त्री काकुळतीला आला. "तितूनच गळंल."

चाकू थांबला. सरांनी तो मिटून खिशात ठेवला. "नाही उकरत," म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "बाबूराव, ती माती अशी कामाची आहे हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्यानं वाचला असावा. त्यानं नुसता डोक्याचा पंचा काढून परत बांधला.

"आमीच वळखली, सायब. आमची समदी जिंदगी पांढरीतच गेली. आमाला कोन सांगतंय?"

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. तोंडात होतं. पण मी नोकरी करणारा, घरातला पहिला पदवीधर, सरांचा लाडका दत्तात्रय, आणि ते सगळं त्या वाक्याबरोबर जाईल असं मला वाटलं. मी गप्प बसलो.

"गळतं का आता?" सरांनी विचारलं.

"येक थेंब न्हाई!"

"चांगलं झालं," सर म्हणाले. त्यांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि एक फोटो काढला. त्या दोन रोलांमधला तेवढाच.

सरांनी उरलेल्या दिवसांत त्या खड्ड्याच्या कडा चाळणीनं चाळल्या. मीही चाळल्या. नखं फुटेपर्यंत. काही मिळालं नाही. आठव्या दिवशी अबू खलीलनं टोपी काढून सरांशी हात मिळवला आणि बुलडोझर आला. सर मार्चमध्ये पुण्याला गेले.

उन्हाळ्यात त्यांचं पाकीट आलं. त्यांनी अहवाल लिहून दिला होता. टोकाच्या टेकाडाविषयी त्यात एवढंच आहे, असं त्यांनी कळवलं: वस्ती असण्याची शक्यता, पुरावा नाही. सोबत तो फोटो होता. गडी छतावर ओळीनं उभे, दात काढून हसणारे, बाबू मिस्त्री मधोमध. पाठीमागे सरांच्या अक्षरात: 'चूल. जागेवरून हललेली.'

पुरावा नाही, असं त्यांनी लिहिलं, आणि मी दोन हिवाळे त्या पुराव्याखाली झोपलो. बाहेर पाऊस पडायचा. वर ती असायची, कुटलेली, चोपलेली, माझ्या छातीच्या बरोबर वर. कितीदा वाटलं एकदा तरी गळावं. गादी भिजावी, मला उठून बसावं लागावं. मिस्त्रीचं काम पक्कं होतं.

तो करार संपवून गावी गेला. बस स्टॉपवर मी त्याला म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलं नाही." तो म्हणाला, "आवो, तुमी आमच्यातलं येकटं शिकल्यालं. तुमाला कसं पाडावं?" मी सरांना लिहिण्यासाठी दर हिवाळ्यात कागद घेऊन बसलो. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचं पत्र आलं. सर गेले. 'बाबांच्या वहीत तुमचा पत्ता होता, म्हणून कळवतो आहे,' असं त्यानं लिहिलं होतं. कॅम्पही आता पाडला. टोकाच्या टेकाडाच्या जागी राउंडअबाउट आहे. कामानिमित्त हमद टाउनला गेलो की मी त्याला वळसा घालतो, कधी कधी दोनदा.

*

काल मी कपाटातून तो फोटो काढला. मुलगी पातेल्याशेजारी गृहपाठ करत होती. तिनं तो माझ्या हातातून घेतला.

"हू आर दे, बाबा?"

"माझ्याबरोबर काम करायचे."

"व्हाय आर दे ऑन द रूफ? व्हॉट आर दे स्टँडिंग ऑन?"

"एका गावावर," मी म्हणालो. "जुनं गाव होतं. एका माणसाला ते फार हवं होतं. ते मोडून छतावर घातलं. आणि जागा मी दाखवली होती, बाळ. मी. आणि त्याला ते सांगितलं नाही."

मराठी तिला कळतं. किती कळतं ते मला ठाऊक नाही. तिनं फोटो उलटून पाठीमागचं अक्षर बोटानं लावून बघितलं, पण तिला ते वाचता आलं नाही.

"ओके," ती म्हणाली. मग पातेलं भरत आलं होतं, ते दोन्ही हातांनी उचलून, न सांडता, ओतायला घेऊन गेली.